स्त्रियांच्या जुन्या वस्त्रांना राज्याच्या संग्रहालयांत जागा द्या : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सांस्कृतिक कार्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : स्त्रियांच्या ऐतिहासिक पोशाखाचे संकलन, जतन आणि प्रदर्शन

महोदय,

आपल्या बहुतेक संग्रहालयांत जुन्या वस्त्रांची म्हणून जी कपाटे दिसतात, त्यांत मान असतो तो पैठण्यांना, शेल्यांना आणि जरीच्या अंगरख्यांना. ही वस्त्रे जपली गेली याचा आनंदच आहे. परंतु घडी घालून काचेमागे ठेवलेली पैठणी विणकराचे कसब दाखवते. ती कोणी नेसली, कशी नेसली आणि त्या नेसण्याला त्या काळी काय अर्थ होता, हे ती सांगत नाही. शेतात, गिरणीत, कोळीवाड्यात किंवा माजघरात आयुष्य काढलेल्या स्त्रीच्या अंगावरचे कापड तर त्या कपाटापर्यंत पोहोचतच नाही. स्त्रियांचा पोशाख हा स्वतंत्र ऐतिहासिक पुरावा मानून राज्याने तो गोळा करावा, आणि कापडाबरोबर त्याची नेसण व नेसणारीची माहितीही नोंदवावी, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

ही वस्त्रे का उरली नाहीत, हे आधी पाहावे लागेल. जुनी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. त्यामुळे विरलेल्या शालूचे आणि पैठणीचे काठपदर जाळून त्यांतली चांदी काढून घेण्याचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला, आणि कितीतरी उत्तम विणकाम त्या भट्टीत संपले. जे जरीचे नव्हते ते बोहारणीकडे गेले व त्याच्या बदल्यात घरात भांडे आले. सुती लुगड्यांचे तर आयुष्यच असे होते, की नेसून नेसून मऊ झाले की त्याची बाळासाठी दुपटी करायची, झोळी बांधायची आणि उरलेल्याचे थर लावून गोधडी शिवायची. माझ्या मते जुन्या गोधड्या आणि वाकळा हाच आज महाराष्ट्रातल्या साध्या सुती लुगड्यांचा सर्वांत मोठा शिल्लक साठा आहे. एकेका गोधडीत कितीतरी लुगड्यांचे काठ, चौकडे आणि रंग एकमेकांवर टाचलेले सापडतात. तरीही गोधडी संग्रहालयात आलीच तर लोककलेचा नमुना म्हणून येते; तिच्या थरांत कोणत्या लुगड्यांचे तुकडे आहेत, हे कोणी उलगडून नोंदवत नाही.

पोशाखाचा इतिहास म्हणजे केवळ सौंदर्याचा इतिहास नव्हे, हे महाराष्ट्राने तरी विसरू नये. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी जमलेल्या स्त्रियांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते, की तुमची लुगडी नेसण्याची पद्धत ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती पुसून टाका, आणि अंगावरच्या कथलाच्या व चांदीच्या जड दागिन्यांचे ओझेही टाका. त्या स्त्रियांनी लुगडे घोट्यापर्यंत खाली आणून नेसले. कापड तेच राहिले असेल; बदलली ती नेसण, आणि त्या बदलात एका समाजाने स्वतःविषयी घेतलेला निर्णय होता. फक्त कापड जमवणाऱ्या संग्रहालयाला हा प्रसंग दाखवताच येणार नाही. केशवपन झालेल्या विधवेच्या लाल आलवणाचेही तसेच आहे. ते कोणी आवडीने जपून ठेवावे असे वस्त्रच नव्हते, आणि नेमके म्हणूनच ते शोधून, सन्मानाने आणि संदर्भासह पुढच्या पिढ्यांसमोर ठेवणे ही सार्वजनिक संस्थेची जबाबदारी ठरते. बंजारा स्त्रियांचे आरसेकाम केलेले फेटिया-कांचळी (घागरा आणि चोळी), कोळणीचे गुडघ्यापर्यंत कसून नेसलेले लुगडे, पुढे गाठ मारायची खणाची चोळी, पुढच्या काळात आलेले लांब बाह्यांचे पोलके, ही सगळी याच इतिहासाची पाने आहेत.

छायाचित्रे आणि चित्रे यांतून काही गोष्टी कळतात, परंतु सगळ्या नाही. पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८८५ मध्ये काढलेल्या छायाचित्रात आनंदीबाई जोशी यांच्यासोबत जपान आणि सीरियाच्या सहाध्यायिनी आपापल्या देशांच्या पोशाखात बसलेल्या दिसतात. त्या छायाचित्राची मोहिनी अजून ओसरलेली नाही, पण त्यात वस्त्राचा रंग नाही, पोत नाही आणि वजनही नाही. बालगंधर्वांच्या शालूंचे आणि पदर घेण्याच्या ढबीचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, असे आपण कौतुकाने सांगतो. त्या अनुकरणातून घरोघरी काय बदलले हे पाहायचे, तर त्या घरांतली वस्त्रे हवीत.

हे काम अशक्य नाही, कारण त्याची परंपरा आपल्याकडेच आहे. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या आणि कुंकवाचे करंडे अशा, कोणी ऐतिहासिक न मानलेल्या घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह राज्य शासनाच्या हाती दिला. गोव्यात फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडीला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली आणि कोलवाळ येथील आपले जुने घर गोव्याच्या पोशाखाच्या संग्रहालयासाठी दिले. अहमदाबादचे कॅलिको संग्रहालय १९४९ पासून वस्त्रांचे आहे. एकेका व्यक्तीने किंवा उद्योगघराण्याने जे केले, ते महाराष्ट्र शासनाला निश्चितच करता येईल.

मात्र प्रदर्शनाची घाई होऊ नये. रेशीम घडीच्या रेषेवर तुटते, म्हणून जुनी लुगडी घडी न घालता रुंद नळीवर मलमलीसह गुंडाळून ठेवावी लागतात. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही, म्हणून संग्रहालयांत नाजूक कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत आणि काही महिन्यांनी ते वस्त्र विश्रांतीसाठी आत नेतात. शिवाय नऊवारीची अडचण वेगळीच आहे. दुकानातल्या पुतळ्यावर कासोटा घालता येत नाही, आणि टाचण्या लावून जुने कापड ताणले तर ते फाटते. यावर उपाय असा, की मूळ वस्त्र सपाट ठेवावे आणि त्याच विणीची प्रतिकृती येवला, पैठण किंवा सोलापूरच्या विणकरांकडून विणून घेऊन, योग्य बांध्याच्या पुतळ्यावर नेसवून त्याच्या शेजारी उभी करावी. विणकरांनाही त्यातून काम मिळेल.

नेसण जाणणाऱ्या स्त्रिया आता वयोवृद्ध आहेत आणि लग्नसमारंभांत शिवलेली नऊवारी रूढ झाली आहे. त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन वेगवेगळ्या समाजांतील नेसणींचे चित्रीकरण करणे, हे या योजनेतले सर्वांत तातडीचे काम मानावे, अशी कळकळीची विनंती आहे. नव्या भव्य इमारतीची वाट पाहण्याची गरज नाही. नागपूर, कोल्हापूर, सातारा, पैठण आणि तेर येथे शासनाची संग्रहालये आहेतच. त्या प्रत्येक ठिकाणी वस्त्रांसाठी एक कोरडी, अंधारी, कीडमुक्त खोली आणि एक प्रशिक्षित व्यक्ती असली तरी आरंभ होईल. संवर्धनाच्या प्रशिक्षणासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राचे साहाय्य मागता येईल. वस्त्र देणाऱ्या कुटुंबाकडून नेसणारीचे नाव, गाव, काम, नेसण्याचा प्रसंग आणि काळ यांची नोंद घेण्यासाठी एकच छापील अर्ज सर्वत्र वापरावा. नोंद नसलेले लुगडे संग्रहात आले, तर काही वर्षांनी ते पुन्हा नुसते कापड होऊन बसते.

यासाठी पहिली पायरी म्हणून पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने आपल्या ताब्यातील स्त्री-वस्त्रांची संग्रहालयनिहाय यादी, त्यांच्या सद्यःस्थितीसह, तयार करून नागरिकांसाठी प्रसिद्ध करावी, असा आदेश आपण द्यावा. ती यादी आणि सुरक्षित साठवणीची व्यवस्था झाली, की माझ्या संग्रहातील लुगडी, चोळ्या आणि गोधड्या त्यांच्या नोंदींसह राज्याला विनामूल्य देण्याची माझी तयारी आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक वस्त्रसंग्राहक, पुणे