जनरेटरवर हॉट अँड कोल्ड एसी चालवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती
ग्वाल्हेर

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात बोर्डावर नोटीस लागली, की लाईट गेल्यावर जनरेटरवर कोणताही एसी चालवायचा नाही, चालवलेला आढळल्यास त्या फ्लॅटची जनरेटर लाईन बंद होईल. माझी तर नोटिशीच्या आदल्या रात्रीच बंद झाली होती. त्यामुळे हे पत्र थोडं रागाने सुरू केलं होतं. तो कागद फाडला आणि हा दुसरा लिहितो आहे.

आधी त्या रात्रीचं सांगतो. धुकं इतकं होतं की बाल्कनीतून गेटचा दिवा दिसत नव्हता. साडेअकराला लाईट गेली, जनरेटर सुरू झाला, आणि तीन मिनिटांनी आईच्या खोलीतला एसी आपोआप परत चालू झाला. थोड्या वेळाने बाहेरच्या युनिटमधून पांढरे लोट निघाले. चौकीदाराने खालून पाहिलं, "आग! आग!" ओरडला, आणि कोणीतरी धावत जाऊन माझी एमसीबी, म्हणजे माझ्या लाईनचा स्विच, पाडला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच, जनरेटरच्या करंटने एसी जळाला.

एसी जळाला नव्हता. तो धूर नव्हताच, वाफ होती. हा एसी हिवाळ्यात उलटा चालतो, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून खोलीत आणतो. यालाच हीट पंप म्हणतात. बाहेर ३-४ अंश आणि त्यात धुकं असलं, की बाहेरच्या जाळीवर बर्फ धरतो. मग मशीन काही मिनिटं दिशा बदलून स्वतःची जाळी तापवतं, बर्फ वितळतो आणि त्याची वाफ होते. लाईट असतानाही हे रोज रात्री दोन-तीनदा होतं, पण तेव्हा खालून वर बघायला कोणी उभं नसतं. चौकीदाराला मी नंतर वर नेऊन दाखवलं. आता तो म्हणतो, "बाबूजी, आपका एसी चाय बना रहा है."

आता लोडबद्दल. चाळीस वर्षं कारखान्यात मोटारींशीच संबंध आला, म्हणून क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावून पाहिलं. माझा १ टनाचा इन्व्हर्टर एसी गरम करताना जास्तीत जास्त ५ अँपिअर घेतो. खोली तापली की अडीचवर येतो. इन्व्हर्टर असल्याने हळूहळू वेग घेतो, सुरू होताना झटका देत नाही. जुना साधा एसी मात्र सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढतो. तसे चार एकदम लागले तर जनरेटर मान टाकेलच. त्यांच्यावर बंदी हवी, हे मी आधीच मान्य करतो.

पण नोटिशीत हीटरचा उल्लेखच नाही! त्या रात्री निदान सहा घरांत रॉडचे नाहीतर तेलाचे हीटर चालू असतील. एकेक २००० वॅटचा, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. माझ्या एसीच्या जवळजवळ दुप्पट लोड, आणि उष्णता त्याहून कमी. कारण हीटर १ युनिट विजेची १ युनिटच उष्णता करतो, हीट पंप इतक्या थंडीतही अडीच-तीन युनिट देतो. डिझेलचा हिशोब तर गंमतीचा आहे. एका लिटरमध्ये साधारण १० युनिट उष्णता असते, आपला जनरेटर त्यातून तीनेक युनिट वीज काढतो आणि बाकी सायलेन्सर नि रेडिएटरमधून आभाळात जाते. ती वीज हीटरला दिली तर खोलीला ३ मिळतात. हीट पंपाला दिली तर साडेसात ते ९. म्हणजे डिझेलने वाटेत उधळलेलं बरंचसं हा एसी बाहेरच्या गारठ्यातून परत वेचून आणतो.

सगळ्यांना एकदम चालवू द्या, असं मी म्हणत नाही. आपला सेट ६२.५ केव्हीएचा, म्हणजे ५० किलोवॅट. २४ घरांत एकेक एसी धरला तर २६ किलोवॅट, घरांचे दिवे-फ्रिज १० आणि लिफ्ट, पंप, जिना मिळून आणखी १२. कागदावर मावतं, पण शेवटच्या धाग्यावर. त्यात लिफ्ट सुरू होते तेव्हा माझ्याकडे व्होल्टेज २३० वरून १९५ पर्यंत खाली आलेलं मी पाहिलं आहे. शिवाय एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. लाईट गेल्यावर सगळे इन्व्हर्टर एसी आपापली तीन मिनिटं मोजून जवळपास एकाच वेळी उठतात. तेवढ्यात पाण्याचा पंप लागायला नको. पंपाला दहा मिनिटांचा टायमर बसवला तरी पुष्कळ झालं.

म्हणून माझी विनंती अशी. रात्री दहा ते सकाळी सात, फक्त ज्या घरांत म्हातारी माणसं किंवा तान्ही मुलं आहेत, तिथे एकच इन्व्हर्टर एसी जनरेटरवर चालू द्यावा. आपल्या मीटरला जनरेटरचं खातं वेगळं आहे, त्यात दीड किलोवॅटची मर्यादा टाकता येते. तिच्यावर गेलं की मीटर स्वतःच लाईन तोडेल, चौकीदाराने जिने चढायची गरज नाही. त्याच मर्यादेत हीटरही आपोआप बाद होतात. डिझेलचे पैसे युनिटप्रमाणे आमच्याकडून घ्या. इतरांनी आमच्या उबेचे पैसे का भरावेत, हा प्रश्न रास्त आहे. आणि रात्री सेट जवळजवळ रिकामा धावतो, त्याने इंजिनात काजळी धरते. थोडा लोड त्याच्याही तब्येतीला बरा.

आई ८४ वर्षांची आहे, दमा आहे. लाईन बंद झाल्यापासून ती रोज शेगडी मागते. ग्वाल्हेरच्याच लश्कर भागातल्या वाड्यात शेगडी असायची, पण तिथे मधे चौक होता, धूर वर निघून जायचा. फ्लॅटच्या बंद खोलीत कोळशाचा जो वायू साठतो, त्याला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. आपल्याकडे दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. मी शेगडी आणलेली नाही. पण एसी बंद केलेल्या प्रत्येक घरात कोणी ती आणणार नाही, याची हमी मी देऊ शकत नाही.

समितीची बैठक होईपर्यंत निदान माझी एमसीबी तरी चढवून द्यावी. क्लॅम्प मीटर घेऊन मी केव्हाही खाली यायला तयार आहे. लाईट जाईल तेव्हा आपण दोघं पॅनलसमोर उभे राहून आकडे पाहू.

कळावे,
सभासद, फ्लॅट ३०४

ता. क. समितीतल्या इतरांसाठी हिंदी प्रत सोबत जोडली आहे. आपल्याला मराठीत लिहिलं, कारण भांडण मातृभाषेत केलं की लवकर मिटतं, असं आईचं म्हणणं.