ग्रंथपाल मॅडम, मनःपूर्वक आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' या लंडनच्या विज्ञान नियतकालिकाच्या इतिहासावरचं माझं टिपण अखेर पूर्ण झालं. त्यात तुमचा वाटा किती मोठा आहे, हे चारचौघांत सांगावं म्हणून हे जाहीर पत्र.

मला हवा होता फक्त न्यूटनचा 1672 मधला प्रकाश आणि रंगांवरचा लेख. तो हातात देताना तुम्ही म्हणालात, "एवढाच नेऊ नका, पुढचे अंकही चाळा. खरा वाद तिथे आहे." आणि होताच! पार्डी या फ्रेंच जेझुइट अभ्यासकाचे आक्षेप, न्यूटनची उत्तरं, डच शास्त्रज्ञ हायगेन्सच्या शंका, सगळं अंकामागून अंक छापलेलं. वाचताना अक्षरशः भान हरपलं.

ती जुनी छपाई मात्र डोळ्यांना दाद देईना; त्यात 'एस' हे अक्षर बरेचदा लांब, 'एफ'सारखं दिसणारं छापलेलं. तुम्ही शेजारी बसलात, पानावर बोट ठेवलंत आणि दाखवलंत: 'एफ'ची आडवी रेघ दांडीच्या दोन्ही बाजूंना असते, लांब 'एस'ची फक्त डावीकडे, तीही कधी कधी दिसत नाही. तेवढ्यावर माझं वाचन सुरळीत सुरू झालं.

हेन्री ओल्डेनबर्गकडे लक्ष वेधलंत तेही तुम्हीच. रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेच्या या चिटणिसाने 6 मार्च 1665 रोजी स्वतःच्या खर्चाने पहिला अंक काढला. पानं जेमतेम 16, पण त्यात गुरू ग्रहावरचा ठिपका होता आणि बर्म्युडाजवळची देवमाशांची शिकारही. युरोपभर पत्रं लिहायची, आलेली निवडायची, अनुवादायची, छापायची, हे सगळं त्याच्या अंगावर. त्या परदेशी पत्रव्यवहारामुळे संशय येऊन 1667 मध्ये त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदही झाली, तरी सुटल्यावर तो पुन्हा कामाला लागला. सूक्ष्मदर्शकातून निरीक्षणं करणाऱ्या लेवेनहूकने डच भाषेत कळवलेले पाण्यातले सूक्ष्मजीव 1677 मध्ये याच अंकांतून इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचले, ते ओल्डेनबर्गच्या अनुवादामुळे. माझ्या मते विज्ञानाच्या इतिहासात या माणसाला मिळालं त्यापेक्षा कितीतरी मोठं स्थान मिळायला हवं.

पुढे 1752 मध्ये सोसायटीने नियतकालिकाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन लेख निवडायला समिती नेमली, आणि 1887 मध्ये त्याच्या 'ए' (गणित व भौतिक विज्ञानं) व 'बी' (जीवविज्ञान) अशा दोन शाखा झाल्या. त्या समितीबद्दलचे खंडही तुम्ही आठवणीने बाजूला काढून ठेवलेत. टिपणाची पहिली प्रत तुमच्यासाठी ठेवली आहे, लवकरच आणून देतो.

आपला कृतज्ञ,
एक वाचक