सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना पत्र : आमच्या पेठेतली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायला कुणीतरी पाठवा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा मी शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाजवळ गर्दीत उभा होतो. दुसऱ्या दिवशी संगीत नाटकातले गायक-नट केशवरावांची जयंती. माझ्या बाजूला सत्तरीतले एक काका रडत रडत बोलत होते, पहिलं नाटक कुठल्या रांगेतनं बघितलं, वडिलांनी खांद्यावर कसं घेतलेलं, चांगली दहा-पंधरा मिनिटं बोलले आणि ऐकायला कोण नव्हतं कारण सगळे मोबाईलवर आगीचा व्हिडीओ काढत होते, मी पण. आज माझ्याकडं आगीचा व्हिडीओ आहे, काकांचं बोलणं नाही.

शाहू महाराजांनी 1915 ला पूर्ण केलेलं ते थिएटर परत उभारायला सरकारनं पैसे दिले, बरं वाटलं. पण साहेब, कोल्हापूरचा इतिहास नुसता दगडा-लाकडात नाही.

भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळेंचं हॉटेल होतं. पागेतल्या हौदाला शिवला म्हणून मार खाल्लेला माणूस, त्याला महाराजांनी हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथला चहा घेतला, हे आता पुस्तकात आहे. पण आमचे आजोबा सांगायचे की त्यांच्या वडिलांनी आधी तिथं जायची हिंमत केली नव्हती, महाराज चहा पितात हे कळल्यावर गेले, आणि तरी घरी मात्र बरेच दिवस सांगितलं नाही. हे कुठल्या पुस्तकात असणार? एका साध्या घरात बदल कसा हळूहळू, भीत भीत शिरला ते यातच कळतं. आजोबा 2016 ला गेले. त्यांच्या तोंडून हे मी पन्नासदा ऐकलं असेल, एकदाही रेकॉर्ड केलं नाही, याची खंत जात नाही.

पुराचंही तसंच. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट हे बातम्यांत येतं, पण जुनी माणसं अजून शिवाजी पुलाकडं बघून मच्छिंद्री झाली का, म्हणजे पुलावरच्या माशाच्या खुणेपर्यंत पाणी चढलं का, विचारतात. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हा कुठली गल्ली आधी बुडणार हे शुक्रवार पेठेतल्या म्हाताऱ्यांना पाठ होतं.

म्हणून मागणी छोटी आहे. नव्या नाट्यगृहात एक खोली या आठवणींसाठी ठेवा, शिवाजी विद्यापीठाच्या इतिहासाच्या पोरांना रेकॉर्डर आणि मानधन द्या, आणि पेठापेठांत, तालमींत, दूध कट्ट्यावर पाठवा, वस्ताद, नाटकवाले, घाटावरच्या बायका सगळ्यांचं ऐका. मोठ्या लोकांच्या मुलाखती झाल्यात, आता यांच्या करा. आणि ते ऐकायला कुणालाही फुकट मिळू दे.

आमच्या गल्लीत एक आज्जी आहेत, नव्वदीच्या पुढं. केशवराव जळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा 1948 चं सांगितलं, गांधीजींच्या खुनानंतरच्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटवला तेव्हाचं, आईनं दार लावून पोरांना आत कसं बसवलं ते. एवढी वर्षं बोलल्या नव्हत्या. सकाळी दहा ते बारा त्या कट्ट्यावर उन्हाला बसतात, ऐकू चांगलं येतं. पहिला माणूस त्यांच्याकडं पाठवा, चहाचं मी बघतो.

आपला,
शिवाजी पेठेतला एक नागरिक