दादा, दुसरी गिटार तुमच्यामुळे बरोबर घेतली

दादा,

समोर आलो की तुम्ही "अरे बस, आधी चहा घे" म्हणून विषयच बदलता, म्हणून आज इथे सगळ्यांसमोर लिहितोय. थँक्यू. अगदी मनापासून.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा जवळजवळ ठरवूनच आलो होतो. सहा वर्षं स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर घडणीची इलेक्ट्रिक गिटार) वाजवतोय, 35,000 जमलेत, आता जरा भारीतली स्ट्रॅट घ्यायची. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "आत्ताच्या गिटारवर तुला काय मिळत नाहीये?" मला पटकन सांगताच येईना. मग आठवलं, डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत, फाटका करणारा इफेक्ट) लावलं की तारांवरून हात उचलल्या उचलल्या जी घूंऽऽ सुरू होते ती, आणि सोलोत वरचे सूर बारीक लागतात, भरत नाहीत. "मग तीच गिटार परत घेऊन हे कसं सुटणार?" म्हणालात. बस, तिथेच माझा विचार फिरला.

आणि पुढे तुम्ही जे केलंत ते कोण करतं हो! स्वतःची लेस पॉल (वेगळ्या घडणीची इलेक्ट्रिक गिटार) केससकट हातात दिलीत, आठ दिवस ठेव म्हणालात. कल्याण ते डोंबिवली ती केस दोन पायांत घट्ट धरून उभा होतो.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी अँप न लावताच वाजवली. तिसरी तार, सातवा फ्रेट (मानेवरची पट्टी), बेंड, म्हणजे तार बोटाने ओढून सूर चढवायचा. स्ट्रॅटवर तिथे तीन बोटांचा जोर लावायचो, इथे तार अशी सरकली की सूर हवा त्याच्याही वर गेला, दोन दिवस हात आवरायलाच लागले. तारा दोन्हीकडे दहाच्याच, म्हणजे सारख्याच जाडीच्या, पण स्ट्रॅटची स्केल (तारेची वाजणारी लांबी) 25.5 इंच आणि हिची 24.75, त्या पाऊण इंचाने एवढा फरक पडतो हे वाचून कधीच कळलं नसतं.

मग अँप लावला. ट्यूबलाइट चालू, पंख्याचा रेग्युलेटर चालू, गेन (डिस्टॉर्शन वाढवणारं बटण) वर, हात काढला, आणि घूं जवळजवळ नाहीच! तुम्ही पेपरच्या कडेला काढून दाखवलं होतंत ना, लेस पॉलच्या हंबकर पिकअपमध्ये (पिकअप म्हणजे तारेचा आवाज पकडणारा कॉइल-मॅग्नेटचा भाग) दोन कॉइल, एक उलटी, तिचं मॅग्नेटही उलटं, म्हणून बाहेरचा आवाज एकमेकांत कटतो आणि तारेचा मात्र जोडला जातो, ते त्या क्षणी कानाने समजलं. 1955 साली गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने हे तयार केलं, आणि आज माझ्या खोलीत त्याचा उपयोग होतोय.

नेक पिकअपवर (मानेजवळच्या) कॉर्ड मारल्या की सगळा गोळा व्हायचा. फोन केला तर तुम्ही म्हणालात, "अँपला हात लावू नको, गिटारचा व्हॉल्यूम 7 वर आण." झालं काम. तरी तुटक रिदमला स्ट्रॅटच लागते, म्हणून तुम्ही ती विकू दिली नाहीत हे फार बरं झालं.

सेकंडहँड लेस पॉल बघायला वाशीला माझ्यासोबत आलात ते तर विसरणंच शक्य नाही. मी रंगावर भाळलो होतो, तुम्ही मोबाईलचा टॉर्च लावून हेडस्टॉकच्या (मानेच्या टोकाचा, खुंट्यांचा भाग) मागून नख फिरवलंत आणि नख अडकलं. विकणारा म्हणत होता स्क्रॅच आहे, पण ती चीर होती, मान तुटून चिकटवलेली. लेस पॉलचा हेडस्टॉक मागे झुकलेला असतो, गिटार पडली की तिथेच मोडते, हे मला माहीतच नव्हतं, माझे सगळे पैसे त्यात गेले असते. मुलुंडची एपिफोन कंपनीची लेस पॉल मग वीस मिनिटं उभं राहून वाजवायला लावलीत, चार किलोच्या वर वजन आहे, खांद्याला विचार म्हणालात. 32,000 ला ती घेतली, उरलेल्या पैशातून रुंद चामड्याचा पट्टा घेतला.

काल प्रॅक्टिसला पहिल्यांदा नेली. सोलो आला तेव्हा ड्रमरने मान वर करून बघितलं, वाजवता वाजवता हसला. मला तेवढ्यातच सगळं मिळालं दादा.

तिसरी तार अजून बेंडनंतर थोडी उतरते, नटच्या (हेडस्टॉकजवळची, तारा टेकतात ती पट्टी) खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं, बराच फरक आहे. ती पेन्सिल तुमचीच आहे, केसमध्ये राहिलीये. रविवारी घेऊन येतो, गिटारही आणतो, तुम्ही वाजवून बघा. वहिनींना सांगा, नाश्त्याचं यावेळी मी आणतोय.

तुमचा,
डोंबिवलीवाला