‘-त आहे’ दिसलं की ‘आयएनजी’ नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चालू वर्तमानकाळ शिकवताना ‘अ‍ॅम, इज, आर आणि क्रियापदाला आयएनजी’ हे सूत्र पाठ करून घेतात आणि मराठीत ‘-त आहे’ दिसलं की ते लावायला सांगतात. मुलांच्या चुका इथूनच सुरू होतात.

‘आजोबा खुर्चीवर बसले आहेत’ हे वाक्य घ्या. मराठी रूप पूर्ण वर्तमानकाळाचं, म्हणून मुलं ‘हॅज सॅट’ लिहितात. इंग्रजी मात्र बसण्याची स्थिती चालू आहे असं धरते. तिथे ‘इज सिटिंग’च हवं. बाळ झोपलं आहे, आईने साडी नेसली आहे, रांगेत माणसं उभी आहेत: ‘इज स्लीपिंग’, ‘इज वेअरिंग’, ‘आर स्टँडिंग’. चित्रवर्णनात ही रूपं हमखास लागतात. ती वेगळी घोटून घ्यायलाच हवीत.

याउलट नो (माहीत असणं), बिलीव्ह, बिलाँग या क्रियापदांना चालू रूप सहसा लागत नाही. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ चूक, कारण भाऊ असणं ही चाललेली क्रिया नव्हे. ‘वी आर हॅविंग लंच’ मात्र बरोबर; तिथे ‘हॅव’ म्हणजे जेवणं. नुसती यादी पाठ करून हे कळणार नाही, अर्थच विचारावा लागतो.

आयएनजी लावताना स्पेलिंगमध्ये ‘बिगिन’चा शेवटचा एन दुप्पट होतो, ‘ओपन’चा होत नाही, कारण ‘ओपन’मध्ये आघात (उच्चारातला जोर) पहिल्या अवयवावर, म्हणजे ‘ओ’वर आहे. हे कारण फळ्यावर एकदा तरी लिहावं.

– एक इंग्रजी शिक्षक, सातारा