शुक्रवारी पारा उतरेल, त्या दिवशी जास्त जपा

सोमवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

हवामान कचेरीतली ड्युटी संपवून आत्ताच घरी आले. फोनवर हे सांगायला लागले की बाबा मधेच ‘बरं बरं, कळलं’ म्हणतात आणि आई माझ्या झोपेची चौकशी सुरू करते. म्हणून लिहून पाठवतेय. दोघं एकत्र बसा आणि आई, तू मोठ्याने वाच.

उद्यापासून शुक्रवारपर्यंत उष्णतेची लाट आहे. बुधवारी-गुरुवारी कमाल तापमान ४४ अंशांच्या आसपास जाईल. शुक्रवारी ते ४१ पर्यंत खाली येईल आणि संध्याकाळनंतर विजांसह वादळी पावसाची शक्यता आहे. बाबा, हे वाचून तुमच्या मनात येणार की चला, शुक्रवारी सुटलो. नेमकं तिथेच मला तुम्हाला अडवायचंय. या चार दिवसांत मला सगळ्यात जास्त काळजी शुक्रवारचीच आहे.

का ते सांगते. सध्या आपल्या डोक्यावर, बऱ्याच उंचीवर, हवेचा उच्च दाब ठाण मांडून बसलाय. त्यामुळे वरची हवा हळूहळू खाली दबतेय. कोरडी हवा एक किलोमीटर खाली उतरली की दाबली जाऊन जवळजवळ १० अंशांनी तापते. ढग धरत नाहीत, ऊन थेट जमिनीवर पडतं, कोरडी जमीन आणखी तापते. एकदा बसलेला हा दाब लवकर हलत नाही, म्हणून लाटेचा अंदाज आम्ही चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी खात्रीने देऊ शकतो. मंगळवार ते गुरुवारबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गुरुवारी रात्रीपासून वारा दिशा बदलेल आणि बाष्प घेऊन येईल. बाष्पाची हवा तापायला जरा जड, थोडे ढगही येतील, म्हणून पारा दोन-तीन अंशांनी उतरेल. पण बाहेरची हवा आपल्या कातडीपेक्षा गरम झाली की शरीराकडे उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, घाम वाळवायचा. कोरड्या हवेत घाम पटकन वाळतो. दमट हवेत तो नुसता निथळतो. निथळलेल्या घामाने अंगातलं पाणी जातं, पण अंग थंड होत नाही. १९७९ मध्ये रॉबर्ट स्टेडमन यांनी तापमान आणि दमटपणा एकत्र धरून ‘जाणवणाऱ्या’ उष्णतेचा हिशोब मांडला, त्याच धर्तीवर आम्ही अजूनही बघतो. त्या हिशोबाने शुक्रवारची दुपार गुरुवारपेक्षा भारी निघतेय. शिवाय शुक्रवारी तुमचं शरीर तीन दिवस झुंजून थकलेलं असणार.

आणि तो आकडाही कुठला असतो ते लक्षात घ्या. आमचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर, सावलीत, खेळत्या हवेत. ती पेटी थॉमस स्टीव्हन्सन या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात बनवली, जगभर तीच पद्धत चालते. म्हणजे ४४ हे सावलीतलं तापमान. गच्चीवर, डांबरी रस्त्यावर, उन्हात उभ्या असलेल्या गाडीत काय असेल ते त्या आकड्यात नाही. तुमच्या झोपायच्या खोलीत काय आहे, तेही नाही.

खोलीबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण लोक दुपारला घाबरतात आणि रात्र विसरतात. भिंती आणि स्लॅब दिवसभर ऊन पितात आणि रात्री ते परत सोडत राहतात. शेवटच्या मजल्यावर तर मध्यरात्रीसुद्धा खोली निवत नाही. शुक्रवारी पहाटेचं किमान तापमान ३१ च्या खाली जाईल असं दिसत नाही. बाष्प रात्री जमिनीची उष्णता वर जाऊ देत नाही. शरीराला रात्री विसावा मिळाला नाही की दुसऱ्या दिवसाचा भार आदल्या दिवसाच्या भारावर चढतो. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत पाचएक दिवसांत ७०० हून जास्त माणसं उष्णतेने गेली. त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं फार होती, आणि दिवसांइतक्याच तिथल्या दमट रात्रीही वाईट होत्या. २००३ च्या ऑगस्टमध्ये एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० जण गेले, बहुतेक वयस्कर. हे आकडे घाबरवायला लिहीत नाही. ही माणसं उन्हात कष्ट करत नव्हती. बरीचशी घरातच होती.

म्हणून पश्चिमेच्या खोलीत झोपू नका, चार रात्री पुढच्या खोलीत गादी टाका. सकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम झाली की खिडक्या बंद करा, पडदे ओढा. रात्री बाहेर गार वाटलं तरच उघडा. मी दिलेला छोटा तापमापक कपाटात असेल, तो उशाशी ठेवा. खोली ४० च्या वर गेली तर नुसता पंखा गरम वारा अंगावर मारतो, त्याच्या भरवशावर राहू नका. तोवर ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली बसलात तर मात्र खरंच फरक पडतो. तहान लागेपर्यंत थांबू नका. वय वाढलं की तहान उशिरा लागते आणि घामही कमी येतो, त्यामुळे ‘मला कुठे काय होतंय’ याला या चार दिवसांत अर्थ नाही. आई, तुझी रक्तदाबाची गोळी लघवीवाटे पाणी काढते. ती तुझी तू बंद करायची नाहीस, पण उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करून गोळीचं आणि पाण्याचं काय करायचं ते विचार. बाबा, तो फोन तुम्ही लावून द्या, नाहीतर ती लावणार नाही.

आता वादळाचं. बाबा, दोन वर्षांपूर्वी मी वादळ येणार म्हणाले आणि एक थेंब पडला नाही, ते तुम्ही अजून विसरला नाहीत. तेव्हापासून माझ्या अंदाजाला तुम्ही मान हलवता पण गच्चीवरचे कपडे काही काढत नाही. मला ते लागतं, म्हणून एकदा नीट सांगते.

जी दबलेली हवा लाट आणते, तीच वर एक झाकण धरून ठेवते. खाली तापलेली, बाष्पाने भरलेली हवा वर जायला बघते आणि त्या झाकणाला धडकून थांबते. झाकण टिकलं तर शुक्रवारी नुसता उकाडा, पाऊस नाही. पण दुपारी उशिरा ते एका ठिकाणी फुटलं, तर दिवसभर साठलेलं सगळं बळ त्या एका जागेतून वर उसळतं आणि तासाभरात ढगाचा मनोरा उभा राहतो. कुठे फुटेल ते आदल्या आठवड्यात कुणालाच सांगता येत नाही. असा एकटा ढग काही किलोमीटरचा असतो, आणि त्याचं आयुष्य तास-अर्ध्या तासाचं. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं, तर पुढचं सगळं हवामानच वेगळं निघालं. म्हणून आता आम्ही एकच गणित, सुरुवात किंचित बदलून, पन्नासएक वेळा करतो. शुक्रवारसाठी त्यातल्या साधारण २० वेळा आपल्याकडे वादळ येतंय. आम्ही ४० टक्के म्हणतो ते यावरून. ते आलं नाही तर मी खोटी ठरत नाही, बाबा, आणि आलं तर तुमच्याकडे तयारीला फार वेळ नसेल.

लाटेसाठी तुम्हाला चार दिवस सांभाळायचंय. वादळासाठी अर्धा-पाऊण तास पुरे, पण तो वेळेवर. शुक्रवारी दुपारी चारनंतर गच्चीवर जाऊ नका. आधी वारा येईल, धूळ घेऊन. ढगातला पाऊस वाटेत कोरड्या हवेत विरतो, हवा एकदम गार आणि जड होऊन खाली आदळते, तोच तो वारा. पाऊस दिसतही नसेल तेव्हा झाडं पडतात. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते एवढ्या अंतरावर आहे. ती पावसापासून १५ किलोमीटर लांबही पडते. चमकल्यापासून आवाजापर्यंत आकडे मोजून ‘अजून लांब आहे’ म्हणत बाहेर बसणं सोडा. शेवटचा गडगडाट झाल्यावर पूर्ण ३० मिनिटं घरातच. झाडाखाली आडोसा नको.

आणि वादळानंतरही खिडक्या उघडून, हुश्श म्हणून सगळं विसरू नका. तासाभरासाठी तापमान दहा अंशांनी उतरेल, फार बरं वाटेल. पण वीज गेली तर पंखा बंद, भिंती अजून तापलेल्या, आणि जमिनीवर पडलेलं पाणी शनिवारी सकाळच्या उन्हात वाफ होऊन पुन्हा हवेत. त्या वेळेसाठी बॅटरी, भरलेल्या बादल्या आणि दोन्ही फोन चार्ज करून ठेवा.

एक गोष्ट मी आजवर फोनवर बोलले नाही. मागच्या उन्हाळ्यात आई स्वयंपाकघरात खाली बसली होती आणि मलाच ‘ताई’ म्हणून हाक मारत होती. बाबांना वाटलं दमलीय, झोपू दे. मी त्या दिवशी घरी होते म्हणून ओल्या चादरी गुंडाळून तिला वेळेत दवाखान्यात नेता आलं. उष्माघात असाच सुरू होतो. बोलणं विसंगत होतं, माणूस चिडतो किंवा गप्प होतो, आणि स्वतःला काही कळत नाही. असं दिसलं तर झोपवायचं नाही. आधी रुग्णवाहिका बोलवायची, आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

म्हणून शनिवारपर्यंत मी रोज दोनदा फोन करणार, दुपारी तीनला आणि रात्री साडेनऊला. दर वेळी दोघांशी वेगवेगळं बोलणार. बाबा, ‘ती झोपलीय, ठीक आहे’ हे चालणार नाही, तिला उठवा. मला तिचा आवाज ऐकायचाय.

तुमची,
मुलगी