मामा, तुम्ही ऑगस्टमध्ये काम धरलं नाहीत म्हणून

मामा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर "ऱ्हाऊ दे वैनी, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही घडी करून खिशात ठेवलं असतं. म्हणून आमच्या लाकडी जमिनीचं सुतारकाम तुम्ही कसं केलंत, ते चारचौघांत लिहिते आहे.

लेक भरतनाट्यम शिकते. फरशीवर अडवू, म्हणजे नाचाचे मूळ पदन्यास, करून तिच्या नडग्या दुखायला लागल्या, तेव्हा कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या आमच्या घरात खालच्या खोलीला लाकडी जमीन करायचं ठरलं. गारगोटीकडचं सासऱ्यांचं जुनं घर उतरवताना माडीच्या सागवानी फळ्या जपून ठेवल्या होत्या. एका कंत्राटदाराने मे महिन्यात त्या थेट कोब्यावर चिकटवल्या, एकीला एक घट्ट भिडवून. दिसायला देखणं काम होतं. जुलैत प्रत्येक फळीच्या कडा उचलल्या, मधे खोलगट झाली. भिंतीजवळ तर दोन फळ्या कोब्यापासून सुटून वर आल्या. सासूबाई त्या खोलीत जाईनात. त्यांच्या लग्नाआधीपासूनच्या फळ्या त्या.

तुम्ही ऑगस्टमध्ये आलात. मला वाटलं, आधी लाकूड बघाल. तुम्ही विचारलंत, "2019 ला आन् 2021 ला पुराचं पाणी कुठवर आलं हुतं?" आमच्यापर्यंत आलं नव्हतं. आलं असतं तर या खोलीत लाकूड घालूच नका म्हणून सांगून परत गेला असतात, हे तुम्ही नंतर बोललात. मग फळ्या निघालेल्या जागी दोन फुटांचा प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदाच्या आतून थेंब धरले होते. इतकी वर्षं त्या खोलीत वावरले, पण जमिनीतून एवढी ओल वर येते हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

कुणीतरी सुचवलं होतं, मशीनने घासून सपाट करून टाका. तुम्ही हात धरल्यासारखं थांबवलंत. ओलीने उचललेल्या कडा आत्ता घासल्या तर हिवाळ्यात लाकूड सुकल्यावर कडा खाली बसतात आणि फळीचा मधला भाग फुगीर राहतो. तेव्हा घासलं असतं तर त्या फळ्या कायमच्या गेल्या असत्या.

मग तुम्ही एक फळी उलटी केलीत. खालच्या बाजूला गोठ्यातल्या धुराचा काळा थर होता. "ही इतकी वर्सं सरळ ऱ्हायली ती खालनं वारं हुतं म्हणून. तुमी तिला एका अंगानं भिजवली, दुसऱ्या अंगानं वाळवली. वाकडी हुणारच की." मामा, पद्धत कुठली निवडायची याचं उत्तर त्या काळ्या थरात होतं. ते तुम्ही वाचलंत.

चिकटवण्याला तुम्ही सरसकट वाईट म्हणाला नाहीत, हेही इथे सांगायला हवं. वरच्या मजल्यावर, कोरड्या स्लॅबवर, आडवे-उभे थर दाबून केलेलं इंजिनिअर्ड लाकूड चिकटवलं तर चालतं, कारण त्याचे थर एकमेकांना धरून ठेवतात. फोमवर न चिकटवता नुसतं तरंगतं ठेवायचं तेही तसल्याच लाकडाचं काम. पण तळमजला, जमिनीची ओल आणि अखंड सागवान, या तिघांचं गोंदाशी जमत नाही.

एवढं सांगून काम सुरू करता आलं असतं. तुम्ही केलं नाहीत. दोन सुयांचं ओल मोजायचं यंत्र फळीला लावलंत, सतरा टक्के दाखवलं. आत्ता ठोकली तर उन्हाळ्यात आकसून फटी पडतील, मेमध्ये घट्ट ठोकली तर पावसात फुगून उठतील. म्हणून दिवाळीनंतर. फळ्यांच्या मधे रिपा, म्हणजे बारीक लाकडी पट्ट्या, घालून त्याच खोलीत थप्पी लावलीत आणि आगाऊ पैसेही न घेता गेलात. अधेमधे दोनदा नुसतं यंत्र लावायला आलात. नोव्हेंबरात अकरावर आलं. मी तेव्हा कागदावर मांडून पाहिलं. चार इंची फळी या फरकाने जेमतेम पाऊण मिलिमीटर फुगते, पण बारा फुटांच्या खोलीत तशा छत्तीस फळ्या, म्हणजे इंचभर. घट्ट बसवलेल्या जमिनीने तो इंच कुठे न्यायचा? वरच उठणार ती.

तुम्ही त्याला जागा दिलीत. आधी वाळवीचं औषध. मग कोब्यावर जाड पॉलिथिन, सांधे एकमेकांवर चढवून, भिंतीवर चार बोटं वळवून. त्यावर फुटाफुटावर सागवानी रिपा, खाली रबराचे तुकडे. फळ्यांना नर-मादी खाच, म्हणजे एकीची कड दुसरीच्या खोबणीत बसेल अशी, काढून खिळा फक्त एकाच कडेने, तिरका, म्हणजे दुसरी कड हलायला मोकळी. दोन फळ्यांमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट, भिंतीशी अर्धा इंच, ती स्कर्टिंगखाली झाकलेली. समोरासमोरच्या स्कर्टिंगला भोकं, वाऱ्यासाठी. त्या रिपांमुळे जमिनीला थोडी लवचीकही आली. लेकीच्या नडग्या आता दुखत नाहीत.

दोन पावसाळे झाले. जुलैत फटी मिटतात, एप्रिलमध्ये परत उघडतात. कडा उचललेल्या नाहीत. ओलं फडकं आम्ही घट्ट पिळूनच फिरवतो. सासूबाई दुपारी त्याच खोलीत, दाराजवळ अंग टाकतात.

तीन महिने तुम्ही थांबलात, ते कामाचे दिवस होते आणि तुमचंही घर आहे, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल मनापासून आभार.

उरलेल्या चार फळ्या त्याच खोलीत, रिपा घालून ठेवल्या आहेत. खिडकीजवळची तिसरी फळी पाय पडला की जरा वाजते. घाई नाही. पाऊस उघडला, यंत्र अकरावर आलं, की या.

तुमच्या,
रंकाळ्याकडच्या वैनी